शंभर टक्के मतदान आणि सहा नंबरची बस

मानवजातीच्या इतिहासात लोकशाही आज प्रथमच पूर्णत्वाला पोहोचली आहे, असं राज्याच्या गव्हर्नरबाईंनी जाहीर केलं तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता. शंभर टक्के मतदान. आजारी, कंटाळलेले, रुसलेले, मासे पकडायला गेलेले, एकही मतदार सुटला नव्हता. एल्डन फॉल्स या गावापुरतं बोलायचं तर त्यांपैकी स्वतःच्या पायांनी मतदान केंद्रावर आलेले लोक चौदा होते. त्या चौदांतले तिघे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला आले होते, आणि एकाची मांजर हरवली होती.

ही गोष्ट त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षातली. अमेरिकेच्या उत्तरेकडचं ते एक थंड राज्य. तिथे महापौराच्या निवडणुकीला पूर्वी नऊ टक्के मतदान होत असे. उरलेले एक्क्याण्णव टक्के लोक लोकशाहीवर नाराज होते असं नाही. ते दमले होते. त्यात राज्याने पसंतिक्रमाची मतपत्रिका आणली. म्हणजे एकाच नावापुढे खूण करून सुटका नाही. पाच उमेदवार असतील तर पहिला कोण, दुसरा कोण, असं पाचव्यापर्यंत लिहायचं. पद्धत तशी सरळ आहे आणि प्रत्येक मराठी घरात ती रोज वापरली जाते. भेंडी आणा, भेंडी नसेल तर गवार, गवारही नसेल तर दोडका. मतमोजणीत पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कुणालाच निम्म्याहून अधिक मिळाली नाहीत तर सगळ्यात खालच्या उमेदवाराला बाद करतात, आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीला जाऊन मिळतात. असं करत करत कुणीतरी निम्म्यापलीकडे जातो. परिणाम इतकाच, की पुष्कळदा भेंडीवाले आणि गवारवाले एकमेकांशी भांडत राहतात आणि घरात दोडका येतो. पण दोडक्याला कुणाचाही तीव्र विरोध नसतो, आणि शांतता नांदते.

पद्धत चांगली होती. पण एकदा विचार करायला जे लोक येत नव्हते, ते पाच वेळा विचार करायला कुठून येणार? मतदान सात टक्क्यांवर आलं. मग राज्याने ते यंत्र आणलं.

त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं. गावातल्या महाराष्ट्र मंडळात त्याला 'सावली' म्हणत. सावली म्हणजे गणितात बसवलेला मतदार. माणूस दिवसभरात हजार वेळा काहीतरी निवडतो: हे दूध घेतो, ते ठेवतो, ही बातमी उघडतो, ती सरकवतो, एका चित्रावर तीन सेकंद थांबतो, दुसऱ्यावर अर्धा. प्रत्येक निवड म्हणजे अमुक हे तमुकपेक्षा बरं, असं एक छोटंसं मतच असतं. अशी दहा वर्षांची लाखो छोटी मतं एकत्र केली की त्या माणसाचा कल काढता येतो, आणि कल काढता आला की पाच उमेदवार त्याच्या पसंतीनुसार ओळीने लावता येतात. चाचण्यांमध्ये शंभरातल्या सत्त्याण्णव माणसांनी सावलीने भरलेली पत्रिका पाहून "हो, मी हेच लिहिलं असतं" असं सांगितलं. उरलेले तीन कोण होते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

निवडणुकीच्या तीन आठवडे आधी सावलीने भरलेली पत्रिका घरी टपालाने येई. पटली नाही तर दहा दिवसांत कळवायचं, किंवा मतदानाच्या दिवशी स्वतः जाऊन मत द्यायचं. मग सावलीचं मत रद्द. काहीच केलं नाही तर संमती आहे असं धरायचं. मौन हीच संमती, हे तत्त्व अमेरिकेला इतक्या उशिरा सापडलं याचं विद्याधर खैरनारांना नवल वाटलं. त्यांच्या घरात ते पंचेचाळीस वर्षं लागू होतं.

विद्याधरराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मंडळाचे दोनदा अध्यक्ष झालेले, दोन्ही वेळा बिनविरोध. मंडळात निवडणूक अशी कधी होत नसे. दोघे-तिघे फोनवर ठरवत, सभेत नाव सुचवलं जाई, कुणाची हरकत आहे का असं विचारून लगेच टाळ्या वाजवत. हरकत असलेला माणूस हात वर करेपर्यंत बटाटेवडे आलेले असत.

त्या दिवशी दोन लिफाफे आले. विद्याधररावांनी दोन्ही फोडले, कारण या घरातले लिफाफे तेच फोडत. दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवून त्यांनी चष्मा वर केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आनंदाने म्हणाले, "सुलभा, बघ जरा. पाचच्या पाच जुळले. पत्रिका जुळणं म्हणतात ते याला."

सुलभाबाईंनी हात पुसत पत्रिका पाहिली. पहिल्या क्रमांकावर शेखर दाभाडे. दुसऱ्यावर घरं विकणाऱ्या एक बाई. तिसऱ्यावर टिबेट्स नावाचे एक गृहस्थ, ज्यांनी कशाचंही आश्वासन दिलं नव्हतं. चौथ्यावर ज्याचा संपूर्ण कार्यक्रम रानबदकांच्या विरोधात होता तो माणूस. आणि पाचव्यावर, सगळ्यात तळाला, लॉरेन हबल.

"जुळलंय खरं," सुलभाबाई म्हणाल्या, आणि आमटीला फोडणी द्यायला परत गेल्या.

शेखर दाभाडे हा आपला माणूस. निवडून आला तर गावाचा पहिला मराठी महापौर. मंडळाने एकमताने, म्हणजे दोघांनी फोनवर, त्याला पाठिंबा दिला होता, आणि विद्याधरराव त्याच्या प्रचाराचे ज्येष्ठ-मतदार-संपर्कप्रमुख होते. दाभाडेच्या जाहीरनाम्यात सतरा कलमं होती. अकरावं कलम सहा नंबरची बस बंद करून त्या पैशांत वाहनतळ सुधारण्याचं होतं. लॉरेन हबल ही शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. तिच्या जाहीरनाम्यात दोनच कलमं होती: सहा नंबरची बस चालू ठेवणे, आणि तिच्या थांब्यांवर बसायला बाकं टाकणे.

तिसऱ्या दिवशी जेवताना सुलभाबाई म्हणाल्या, "ती पत्रिका माझी नाही."

विद्याधररावांना वाटलं, नाव चुकलंय. त्यांनी लिफाफा आणून पत्ता वाचून दाखवला. नाव बरोबर होतं. त्या म्हणाल्या की नाव माझं आहे, आत मी नाही. त्यावर ते जरा विचारात पडले आणि मग इंजिनिअर असल्यामुळे यंत्राच्या बाजूने बोलू लागले. दहा वर्षांची माहिती आहे, लाखो नोंदी आहेत, चूक व्हायला जागाच कुठे आहे, वगैरे. बोलता बोलता त्यांनाच ती जागा दिसली.

बारा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी केतकी सिॲटलहून आली होती. तिने आईबाबांचे फोन, दुकानाचं कार्ड, वर्तमानपत्र, टीव्ही, औषधांचं दुकान, सगळं एकाच खात्यावर करून दिलं. बाबा, सोपं पडेल, म्हणाली होती. खातं बाबांच्या नावावर. किराणा सुलभाबाई ठरवायच्या आणि कार्ड विद्याधरराव टेकवायचे. बातम्या ते लावायचे आणि त्या ऐकायच्या. गाडीसुद्धा स्वतः चालणारी होती, पण ती फक्त त्यांचा आवाज ओळखायची. आता, अशी यंत्रं जिथे माहिती विरळ असते तिथे अंदाज वाऱ्यावर सोडत नाहीत. ती सगळ्यात जवळच्या माणसाकडून उसना घेतात. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नाही, तो त्याच्या घरच्यांसारखा असणार, हा शास्त्रातला मान्य आणि बहुतेक वेळा बरोबर ठरणारा नियम आहे. सुलभाबाईंच्या नावावर बारा वर्षांत एकूण एकोणचाळीस नोंदी होत्या. त्यांतल्या बहुतेक दाताच्या डॉक्टरांच्या.

थोडक्यात, राज्याने सुलभाबाईंची सावली काढायला घेतली आणि ती विद्याधररावांची निघाली.

चूक सापडल्यामुळे विद्याधररावांना बरं वाटलं. चूक सापडली की ती दुरुस्त करता येते. त्यांनी नगर कार्यालयात दुरुस्तीसाठी मुलाखतीची वेळ घेतली. मुलाखत घरूनच, पडद्यावर. समोर डोरीन नावाची कर्मचारी होती. आवाजावरून ती एकोणीसशे सालापासून दमलेली असावी. तिने समजावून सांगितलं: चाळीस प्रश्न, प्रत्येकात दोन पर्याय, तुम्हाला बरा वाटेल तो सांगायचा. संपलं की सावली नव्याने बसवली जाईल.

पहिला प्रश्न आला. बागेत झाडं हवीत की खेळायचं मैदान?

"काहीही चालेल," सुलभाबाई म्हणाल्या.

आता हे त्या मुद्दाम म्हणाल्या नाहीत. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप येई, शिंक येते तसं. पंचेचाळीस वर्षांत त्यांना जे जे विचारलं गेलं, कुठे राहायचं, पडदे कुठले, सुट्टीत कुठे जायचं, त्या सगळ्याला त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. विचारणाराही उत्तर ठरवूनच विचारत असे, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. डोरीनकडे मात्र अशा उत्तराचं बटणच नव्हतं. तिने 'विशेष पसंती नाही' असं दाबलं. अकराव्या प्रश्नाला विद्याधररावांनी शेजारून मदत केली: "अगं, सांग ना तिला, वाहनतळ. आपल्याला नेहमी जागा मिळत नाही." सुलभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल."

चाळीस प्रश्न संपल्यावर डोरीनने निकाल वाचून दाखवला. जिथे विशेष पसंती नाही तिथे घरातल्या जवळच्या व्यक्तीचा कल धरला जातो. नवी पत्रिका जुन्यासारखीच आली होती, फक्त विश्वासार्हता ब्याण्णव टक्क्यांवरून नव्व्याण्णववर गेली होती. डोरीनने अभिनंदन केलं. आता एकच मार्ग उरलाय, ती म्हणाली, मतदानाच्या दिवशी स्वतः येणं. केंद्र एकच आहे, गावाबाहेरच्या अग्निशमन केंद्राच्या तळघरात, अकरा मैलांवर. बाकीची बंद केली, कारण मतदान शंभर टक्के झाल्यापासून तिथे कुणी येत नाही. आणि हो, जे स्वतः येतात त्यांची नावं नोंदवहीत लागतात, ती कुणालाही पाहता येतात. मत गुप्त असतं, येणं गुप्त नसतं.

निवडणुकीच्या आदल्या शनिवारी शेखर दाभाडे चहाला आला. उंच, हसतमुख, पंचावन्न वर्षांचा उद्योगी माणूस. गावाचं भलं करायची त्याची खरोखरच इच्छा होती, हे मान्य करायला हवं. त्याने आकडे सांगितले. पहिल्या पसंतीत आपण पुढे, पण निम्म्याच्या आत. सगळं दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर अवलंबून. आपल्या लोकांच्या सावल्या मात्र एकशे अठ्ठेचाळीसच्या एकशे अठ्ठेचाळीस पक्क्या आहेत.

"वहिनी, तुमचं मत मी धरूनच चाललोय," तो म्हणाला.

सुलभाबाईंनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. "सहा नंबरची बस बंद करणार का तुम्ही?"

"काय करणार वहिनी, कुणी चढतच नाही हो. सरासरी चार माणसं. त्यातला एक चालक."

"आणि उरलेली तीन?"

दाभाडे हसला. उरलेली तीन कुणी अशी नसतात, सरासरीत असतात, त्याने समजावलं. सुलभाबाईंनी आणखी चहा घेणार का विचारलं. तो घेतो म्हणाला.

तो गेल्यावर विद्याधरराव कपबशा उचलू लागले. ही गोष्ट एरवी होत नसे, यावरून त्यांची अस्वस्थता समजावी. सुलभाबाई खुर्चीतच बसून होत्या.

"मंगळवारी मला त्या केंद्रावर नेऊन सोडाल का?" त्यांनी विचारलं. "गाडी माझं ऐकत नाही. मला तुमच्या माणसाच्या विरुद्ध मत द्यायचंय."

विद्याधररावांनी कपबशा परत टेबलावर ठेवल्या. ते चिडले नाहीत. एवढ्या सगळ्यात चिडायलाही त्राण उरलेलं नव्हतं. त्यांनी एकेक गोष्ट पुढे मांडली. नाव नोंदवहीत लागेल. दाभाडेला संध्याकाळपर्यंत कळेल. एकशे अठ्ठेचाळीसमधला एक गळाला, आणि तो संपर्कप्रमुखाच्या घरातला. मंडळात तोंड कुठे दाखवायचं? आणि शेवटी, एका बसपायी? ज्या बसमध्ये आपल्यापैकी कुणी कधी पाऊल ठेवलं नाही?

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"कशाने जातेस?"

"सहा नंबरच्या बसने. मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही जेवून झोपता तेव्हा. एक पन्नासला येते, तीन चाळीसला परत सोडते. चारला तुमचा चहा."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

विद्याधररावांनी मनातल्या मनात हिशेब केला. सहा वर्षांत त्यांची दुपारची झोप एकदाही मोडली नव्हती. पासष्टीच्या पुढच्यांना ती बस फुकट होती, कागदी पास चालकाला दाखवला की झालं. यंत्र नाही, कार्ड नाही, कुठे टेकवायचं नाही. सहा वर्षांतल्या सहाशे फेऱ्या, आणि राज्याच्या कुठल्याच संगणकाला त्यातली एकही ठाऊक नव्हती. नवऱ्यालाही नव्हती, पण नवऱ्याकडून सत्त्याण्णव टक्क्यांची हमी कुणी मागितलेली नव्हती.

"जातेस कुठे पण?"

"कुठेच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि परत येते."

ते नंतर बराच वेळ त्या रिकाम्या कपाच्या कानाशी खेळत बसले. मग म्हणाले की मंगळवारी दहाला निघू, उशिरा गारा पडणार आहेत.

मंगळवारी नऊलाच गारा सुरू झाल्या. गाडी स्वतःच्या हिशेबाने अकरा मैल चाळीस मिनिटांत गेली. कुणाला मत देणार ते मला सांगू नकोस, असं विद्याधरराव वाटेत एकदा म्हणाले. मी सांगितलंय तुम्हाला, असं त्या म्हणाल्या. मग ते म्हणाले, हो, ते खरं.

तळघरात डोरीन स्वतः बसली होती, अंगात दोन स्वेटर. सकाळपासून कुणी आलं नव्हतं, फक्त एकजण पाइपची तोटी शोधायला आला होता. तिने सुलभाबाईंच्या सावलीचं मत रद्द केलं. त्याचा कसलाही आवाज झाला नाही. मग कागदी पत्रिका आणि पेन्सिल दिली आणि कोपऱ्यातला आडोसा दाखवला.

सुलभाबाई आत गेल्या आणि येईनात.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आडोशाखालून त्यांचे बर्फातले बूट दिसत होते, स्थिर. मधून पेन्सिल टेकल्याचा आवाज यायचा, मग खोडरबराचा. विद्याधरराव लोखंडी खुर्चीवर बसून त्या बुटांकडे बघत होते. लॉरेन हबलपुढे एक लिहायला किती वेळ लागतो? मग त्यांच्या लक्षात आलं, की एक केव्हाच लिहून झालाय. बाई दोन, तीन, चार ठरवतेय. ज्या बाईने पंचेचाळीस वर्षांत पडद्याचा रंग सांगितला नाही, ती रानबदकवाला आणि घरं विकणारी यांच्यात आपल्याला कोण जास्त चालत नाही, याचा बारकाईने विचार करत होती.

डोरीनने विचारलं की तुम्हीही देणार आहात का? ते म्हणाले, माझी सावली बरोबर आहे. ती म्हणाली, बरं. मग आणखी दहा मिनिटं गेली. बसून बसून त्यांची कंबर अवघडली. ते उठले, म्हणाले, द्या एक.

दुसऱ्या आडोशात त्यांनी दाभाडेपुढे एक लिहिला. शब्द तो शब्द, आणि माणूस आपला. मग पेन्सिल थांबली. सावलीने त्यांच्यासाठी जे चार आकडे लिहिले होते ते त्यांना पाठ होते, आणि ते त्यांचेच होते, यात शंका नव्हती. तरी ते काही वेळ उभे राहिले. मग लॉरेन हबल या नावापुढे त्यांनी दोन लिहिला. तो जरा वाकडा आला, तेव्हा पुन्हा नीट गिरवला. आयुष्यात बायकोसाठी त्यांनी गुपचूप केलेली ही बहुधा पहिली गोष्ट होती. बाहेर आल्यावर त्यांना वाटलं, सांगावं. पण सुलभाबाई डोरीनकडे पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र मागत होत्या, त्यामुळे राहून गेलं.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. मतदान शंभर टक्के. पहिल्या फेरीत दाभाडे बराच पुढे. रानबदकवाला आधी बाद झाला, मग लॉरेन हबल, मग घरं विकणारी बाई. मतं सरकत सरकत एका बाजूला साचली, आणि शेवटच्या फेरीत दोनशे अकरा मतांनी टिबेट्स निवडून आले, ज्यांची पहिली पसंती फार थोड्यांची होती आणि ज्यांना विरोध कुणाचाच नव्हता. सुलभाबाईंचं मत हबलबाईंकडून निघून टिबेट्सकडे पोहोचलं होतं. विद्याधररावांचं मत कुठेच गेलं नाही. दाभाडे शेवटपर्यंत मैदानात राहिल्यामुळे त्यांची दुसरी पसंती कुणी वाचलीच नाही. पद्धतीचा तो नियमच आहे: पहिला टिकला तर दुसऱ्याची पाळी येत नाही. चांगला दोनदा गिरवलेला तो दोनचा आकडा कागदावर तसाच राहिला.

नव्या महापौरांनी सहा नंबरच्या बसबद्दल अभ्यास समिती नेमली. अहवाल येईपर्यंत बस चालू राहणार होती. टिबेट्सना ओळखणारे सांगत, की त्यांनी याआधी नेमलेली एक समिती अजून पहिल्या बैठकीची तारीख ठरवते आहे.

गुरुवारी दाभाडेचा फोन आला. तो रागावला नव्हता, दमला होता.

"विद्याधरराव, वहिनी गेल्या होत्या म्हणे."

"मीही गेलो होतो."

"तुम्हीसुद्धा?"

"पहिलं मत तुलाच दिलंय, शेखर."

"मग जायची काय गरज होती? सावली तेच देणार होती."

हवा खराब होती, एवढंच विद्याधरराव म्हणाले. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनाला विद्याधररावांऐवजी दुसऱ्याचं नाव लागलं. सर्वानुमते.

शुक्रवारी जेवण झाल्यावर विद्याधरराव झोपले नाहीत. सुलभाबाईंनी स्वेटर चढवला, पिशवी घेतली, आणि ते दाराशी कोट घालून उभे. थांब्यापर्यंत सोडायला येतो, म्हणाले. थांब्यावर बाक नव्हतं. दोघं खांबापाशी उभी राहिली. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ काळा पडला होता.

विद्याधररावांनी आदली रात्र विचारात घालवली होती आणि आता ते सगळं त्यांनी बोलून दाखवलं. आपण घरातही हीच पद्धत लावू, ते म्हणाले. यापुढे प्रत्येक बाबतीत आधी तुझा पसंतिक्रम. कुठे राहायचं, केतकीकडे कधी जायचं, पडदेसुद्धा. खाती वेगळी करू. गाडीला तुझा आवाज शिकवू. पंचेचाळीस वर्षं मी जे विचारलं ते विचारणं नव्हतंच, हे मला त्या तळघरात बसल्यावर कळलं. लोकशाही म्हणजे दुसरं काय असतं, सुलभा, शेजारच्या माणसाला खरोखर विचारणं, आणि उत्तर येईपर्यंत थांबणं. हे बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता, गव्हर्नरबाईंसारखा.

सुलभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वळणावरून बस आली. निळी, जुनी, माणसाने चालवायची. दार फसकन उघडलं. चालक अर्ल, साठीचा जाडा माणूस, सुलभाबाईंना पाहून म्हणाला की मिसेस नोव्हाक केव्हाच्या वाट बघताहेत, मंगळवारचं भांडण त्यांना पुढे चालवायचंय. मग कोटातल्या माणसाकडे बघून त्याने विचारलं, हे कोण? नवरा, असं कळल्यावर तो सहानुभूतीने म्हणाला, "तुमची बायको फार वाद घालते हो. या दोघींमुळे माझे दोन थांबे चुकलेत."

विद्याधररावांना कुणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल सांगितल्यासारखं वाटलं. त्यांनी आत पाहिलं. पुढून दुसऱ्या बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई खिडकीला टेकून बसली होती. तिच्या शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून जागा राखलेली होती.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं. आणि ठरवल्याप्रमाणे थांबले.

सुलभाबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला होता. त्या विचार करू लागल्या. अर्लने दार धरून ठेवलं. गार हवा आत जात होती आणि मिसेस नोव्हाक काहीतरी पुटपुटत होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या, तळघरात उभ्या होत्या तशा, मनात काहीतरी लिहून खोडल्यासारख्या. विद्याधररावांना त्या तीन अक्षरांची इतकी सवय होती, की त्यांच्या कानात 'चालेल' आधीच वाजून गेलं होतं.

"या," सुलभाबाई म्हणाल्या. "फक्त जरा मागे बसाल का?"